पापणीच्या मुळाशी

आमच्या घरात काजळाला देवघरात जागा होती. समईच्या शेजारी कोनाडा होता, त्यात पितळेची डबी. मस्काऱ्याला न्हाणीघराच्या फळीवरसुद्धा जागा मिळाली नसती. अर्थात ती वस्तू तेव्हा घरात कुणी पाहिलेलीच नव्हती.

सांगलीच्या गावभागातलं ते घर. दिवाळीच्या आधी आणि घरात बाळंतीण असली की आजी काजळ धरायची. एरंडेलाची पणती, तिच्या दोन बाजूंना दोन वाट्या आणि वाट्यांवर पालथी घातलेली तांब्याची ताटली. ज्योत ताटलीला चिकटायला नको आणि लांबही राहायला नको. हे अंतर आजी नजरेनेच ठरवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी ताटलीच्या पोटाशी जाडसर काजळी धरलेली असे. ती पत्त्याच्या जुन्या पानाने खरवडायची, साजूक तुपात मळायची, त्यात नखभर कापूर. मग आम्हा पोरींना ओळीने बसवून करंगळीच्या टोकाने डोळ्यांत ओढायची. कापराने डोळ्यांतून पाणी यायचं. "येऊ दे, घाण जाते," हे तिचं ठरलेलं उत्तर.

काजळाने डोळे निवतात, नजर चांगली राहते, पापण्या दाट होतात, दृष्ट लागत नाही. चारही गोष्टी आजी एका दमात सांगायची. डोळ्यांचे डॉक्टर आज यातलं एकही मान्य करत नाहीत. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, असंच बजावतात. पण त्या काळी काजळाला औषधाचा मान होता, आणि म्हणून ते लावणाऱ्या बाईला कुणी नटवी म्हणत नसे. आई शाळेत शिकवायची. कुंकू, काजळ आणि अफगाण स्नोचा पुसट हात, एवढ्यावर तिची सगळी नोकरी झाली. तिच्या डोळ्यांना शोभा यायची ती काजळानेच. पण शोभेसाठी लावते असं ती मरेपर्यंत म्हणाली नाही.

नुसतं दिसण्यासाठी डोळ्याला काही लावतात, हे मला आत्यामुळे कळलं. आत्या हौशी नाटकांत काम करायची. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत मी तिच्याबरोबर रंगपटात जाऊन बसे. तिथे रंगभूषा करणारे एक काका होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक चपटी डबी असायची, तिच्यात काळी वडी आणि वडीशेजारी करंगळीएवढा ब्रश. वाटीतल्या पाण्यात ब्रश बुडवायचा, वडीवर घासायचा, मग रुमालावर टिपायचा. हे टिपणं ते इतका वेळ करत की मला वाटे, लावायला आता उरलंय काय? "खाली बघ. नाकाच्या शेंड्याकडे," ते आत्याला सांगत. पापणी मिटत आली की ब्रश थेट केसांच्या मुळाशी नेऊन टेकवत. तिथे एक क्षण थांबून डावी-उजवीकडे किंचित हलवत आणि मग हलकेच वर ओढून घेत. टोकाला जवळजवळ काहीच नाही. शेवटच्या रांगेसाठी मुळाशी काळं लागतं, टोकं काळी केली तर वरच्या दिव्यांची सावली गालावर पडते, असं त्यांचं म्हणणं. रंगभूषेची पुस्तकं मी पुढे पुष्कळ चाळली, पण मस्काऱ्याबद्दल याहून शहाणं वाक्य मला सापडलेलं नाही.

ती वडी म्हणजे मस्काऱ्याचं जुनं रूप. टॉमस विल्यम्स नावाच्या अमेरिकन तरुणाने बहीण मेबल हिच्यावरून १९१५ साली मेबेलिन काढली. मेबल व्हॅसलीनमध्ये काजळी कालवून पापण्यांना लावत होती, त्यावरून त्याला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. म्हणजे शिकागोतली मेबल आणि सांगलीतली माझी आजी या एकाच धंद्यातल्या. एकीकडे व्हॅसलीन, दुसरीकडे तूप. आपण आता वापरतो तो नळीतला मस्कारा आणि झाकणालाच जोडलेली कांडी हे हेलेना रुबिनस्टाईनचं, १९५७ चं. मधल्या काळात बायकांनी बरंच सोसलं. १९३३ मध्ये अमेरिकेत लॅश लूर नावाचा पापण्यांचा रंग निघाला होता. त्यातल्या डांबरजन्य रसायनाने बायकांचे डोळे गेले, एकीचा तर जीव गेला. १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली, त्यामागे हे प्रकरणही होतं. तेव्हा बाजारातल्या काळ्या रंगावर आजीचा अविश्वास होता तो काही अगदीच अनाठायी नव्हता. फक्त आपल्याकडच्या सुरम्यात शिसं असू शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुण्यात वसतिगृहात आले तेव्हा ऐंशीचं दशक सुरू झालं होतं. खादीचा कुडता, खांद्याला झोळी आणि डोळ्यांत भरपूर काजळ हा आमचा गणवेश. 'उंबरठा' १९८२ चा. स्मिता पाटीलसारखं दिसायचं असेल तर काही लावायचं नाही, अशी आमची ठाम समजूत. काजळ त्या 'काही'त मोजलं जात नसे. मस्कारा मात्र भांडवलशाही, पुरुषी नजर आणि हिंदी सिनेमा या तिन्हींच्या खात्यावर जमा होता. शर्मिला टागोर आणि साधनाच्या खोट्या पापण्यांची आम्ही मनसोक्त टिंगल करायचो आणि त्यांचे जुने सिनेमे लागले की तितक्याच मनसोक्तपणे बघायला जायचो. मला तेव्हाही हा हिशेब जरा लबाडीचा वाटे. दोन्ही काळंच, दोन्ही डोळ्यालाच. एकाला आजीचा आशीर्वाद, म्हणून ते सोज्वळ. दुसऱ्याला कुणी वाली नाही, म्हणून ते उठवळ!

माझ्या खोलीतली मुंबईची मुलगी असल्या वादात पडत नसे. तिने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मनीष मार्केटातून एक नळी आणली होती. वर इंग्रजीत 'मेड इन यूएसए'. ते यूएसए म्हणजे उल्हासनगर असणार, यावर खोलीत एकमत होतं. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांच्या पापण्यांवरून एकच ब्रश फिरवला. कांडी नळीत खालीवर खचाखच मारायची, मग भरपूर माल घेऊन लेपायचा. माझ्या पापण्यांच्या मेथीसारख्या जुड्या बांधल्या गेल्या. डोळे मिचकावले की खालच्या पापणीवर काळ्या ठिपक्यांची रांग. रंगपटातल्या काकांनी पाहिलं असतं तर मला आरशासमोरून उठवून तोंड धुवायला पाठवलं असतं.

मग नोकरी लागली, बँकेत, आणि काऊंटरवर दिवसभर अनोळखी माणसांच्या नजरेसमोर बसायचं आलं. काजळ दुपारी बारापर्यंत उतरून डोळ्यांखाली यायचं. दमलेली दिसते म्हणून ग्राहक सहानुभूती दाखवायचे. तेव्हा काकांचा धडा काढला आणि आरशासमोर बसून स्वतःच्या डोळ्यावर गिरवला. तो सविस्तर सांगते, कारण लग्नसराईत दिसणारे डोळे पाहून याची गरज आहे असं माझं मत झालं आहे.

आरसा समोर धरायचा नाही, हनुवटीखाली धरायचा. त्यात बघताना पापणी आपोआप खाली येते आणि केसांची मुळं दिसतात. कर्लर वापरायचा तर आधी. मस्कारा वाळल्यावर चिमटा लावला की केस तुटतात. कांडी नळीत पंपासारखी मारायची नाही, त्याने हवा आत जाते आणि मस्कारा लवकर सुकतो. फिरवत बाहेर काढायची, टिश्यूवर टिपायची. ब्रशवर राहील तेवढंच आपलं. मुळाशी टेकवायचं, हलवायचं, वर न्यायचं. पहिला हात पुरता कडक होण्याआधी दुसरा, आणि तो फक्त बाहेरच्या कोपऱ्याकडच्या केसांना. खालच्या पापणीला ब्रशवर उरलंसुरलं लागलं तर लागलं. दोन केस चिकटले तर जुना, धुतलेला ब्रश कोरडाच फिरवून ते सोडवायचे. डाग पडला तर लगेच पुसायला जायचं नाही. वाळू द्यायचा, मग कापसाच्या काडीने तो अलगद निघतो. ओला पुसला की गालभर होतो. हे सगळं करताना तोंड उघडं राहतं. राहू द्यावं, सगळ्यांचंच राहतं.

पापणीचा केस मुळाशी जाड आणि टोकाशी इतका बारीक असतो की त्याचं टोक लांबून दिसतच नाही. मस्कारा केस वाढवत नाही, जाहिरात काहीही म्हणो. मुळाशी रंग बसला की केसांमधल्या फटी भरल्यासारख्या वाटतात आणि टोकाला नुसता स्पर्श झाला की मुळात असलेली लांबी नजरेला येते. म्हणून नैसर्गिक दिसण्याचं काम सगळं मुळाशी आहे. नीट जमलं तर समोरचा माणूस "काय लावलंयस?" असं विचारत नाही. "झोप चांगली झालेली दिसतेय," म्हणतो. बँकेतल्या आमच्या हेड कॅशियरबाई मला असं वर्षानुवर्षं म्हणत आल्या आणि मी त्यांना पत्ता लागू दिला नाही.

मुंबईच्या लोकलमध्ये मुली हेच काम दादर ते चर्चगेटच्या दरम्यान उभ्याने करतात. गाडी सांधा बदलताना हात अधांतरी थांबवतात आणि धक्का गेला की पुढचा केस. त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करते. माझं उलट झालं आहे. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून चष्मा घातला तर ब्रश डोळ्यापर्यंत पोचत नाही आणि काढला तर पापणी दिसत नाही. भिंगाच्या आरशाने पापणी दिसते, पण गालावरची छिद्रंही दिसतात. ती न बघण्याची सवय करावी लागली.

पापणी मुळात कशासाठी असते, हा विचार एवढ्या वर्षांत माझ्या मनात कधी आला नव्हता. धाकट्या जाऊबाईंना केमोथेरपी सुरू झाली तेव्हा तो करावा लागला. डोक्यावरचे केस जाणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रुमाल, विग, सगळी तयारी होती. भुवया आणि पापण्याही जातील हे ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा जाऊबाईंची तक्रार दिसण्याची नव्हतीच. "वहिनी, अंघोळीचं पाणी सरळ डोळ्यांत उतरतं," म्हणाल्या. कपाळाचा घाम डोळ्यांत, रिक्षात बसलं की धूळ डोळ्यांत. पंख्याखाली बसलं तरी बुबुळं कोरडी पडायची. डॉक्टरांनी थेंब दिले, घराबाहेर चष्मा घालायला सांगितला.

त्याच सुमारास जॉर्जिया टेकच्या संशोधकांचं २०१५ मधलं एक काम वाचनात आलं. त्यांनी बावीस सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. पापणीच्या केसांची लांबी सगळ्यांमध्येच डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. मग त्यांनी कृत्रिम डोळा वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिलं. एक तृतीयांश लांबीला डोळ्यावर येणारा वारा अडतो, ओलावा टिकतो, धूळ कमी बसते. लांबी त्याहून वाढवली की पापण्याच वारा डोळ्याकडे वळवू लागतात. हे वाचल्यापासून पार्लरमध्ये गोंदाने चिकटवलेल्या, भुवयांना भिडणाऱ्या पापण्यांबद्दल माझं मत आणखी वाईट झालं आहे. आजी ज्या चार गोष्टी काजळाला चिकटवायची, त्यातली डोळे राखण्याची गोष्ट पापणीचा केस मुकाट्याने करत होता. श्रेय मात्र डबीला.

उपचार संपल्यावर काही महिन्यांत जाऊबाईंच्या पापण्या परतल्या. आधी आखूड, सरळ, तुरळक. भाच्याच्या मुंजीला जायचं होतं. विग नको म्हणाल्या, रुमालही नको, "तेवढं ते डोळ्याचं तुमचं असेल तर बघा." माझ्या पर्समधली नळी मी बाहेरच काढली नाही. उघडलेली, वापरलेली वस्तू त्यांच्या डोळ्याजवळ न्यायची नव्हती. नवी आणली. कोमट पाण्याने नुसती ओढली की बारीक नळकांड्या होऊन उतरणारी जात मिळते, ती. नव्या केसांना चोळणं सोसवलं नसतं. कर्लर लावला नाही. त्यांना नाकाच्या शेंड्याकडे बघायला सांगितलं, ब्रश टिपला, पुन्हा टिपला, मुळाशी टेकवला. मुंजीत सासूबाईंच्या वयाच्या एक आजीबाई त्यांना जवळ घेऊन म्हणाल्या, "काजळ छान बसलंय हो." जाऊबाई म्हणाल्या, "हो, घरचंच आहे." मीही दुरुस्ती केली नाही.

तर आता एक काम करा. तुमच्या कपाटात गेल्या दिवाळीची नळी असेल तर ती आजच कचऱ्यात टाका. कांडी दर वेळी पापणीवरचे जंतू घेऊन ओलसर, अंधाऱ्या नळीत परत जाते. उघडल्यापासून तीन महिने, त्याच्या पुढे नाही. उघडल्याची तारीख नळीवरच लिहून ठेवा. डोळे आले असतील तर ते बरे होईपर्यंत लावू नका आणि तेव्हा वापरात असलेली नळी पुन्हा वापरू नका. रात्री खोबरेल तेलाचा कापूस मिटल्या डोळ्यावर थोडा वेळ ठेवा, मग वरून खाली पुसून घ्या, आणि तेलाचा हात राहणार नाही असा चेहरा धुऊन मगच झोपा. आणि लग्नघरात कुणी मागायला आलंच तर साडी द्या, दागिना द्या. मस्कारा देऊ नका.