हिरवा ठिपका

दोन वर्षांचे परदेशातील शिक्षण संपवून नात घरी आली, तेव्हा तिच्या सामानात आजीसाठी आणलेला पार्मेजान चीजचा एक तुकडा होता. आजीचा चौविहार आणि मार्गशीर्षातला लहान दिवस ध्यानात घेऊन तिने चार वाजताच कॅसरोलची तयारी मांडली. बटाट्याऐवजी उकडलेली कच्ची केळी, मक्याचे दाणे, परतलेली ढोबळी मिरची. टोमॅटोच्या दाट रसात कांदा-लसणाऐवजी ओवा आणि मिरपूड. दोन चमचे लोण्यावर तेवढाच मैदा परतून, त्यात दोन कप दूध थोडे थोडे घालीत तिने पांढरा सॉस आटवला.

आजोबांचे आयुष्य किराण्याच्या दुकानात गेलेले. वेष्टन वाचल्याशिवाय माल घ्यायचा नाही, ही जुनी सवय. चष्मा लावून त्यांनी वाचले, "दूध, मीठ, रेनेट. हे रेनेट म्हणजे काय?"

नातीने मोबाइलवर शोधले आणि तिचा चेहरा उतरला. दूध गोठवण्यासाठी लागणारे हे द्रव्य पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातून घेतलेले असते.

"आजी, तिथे मी कांदा-लसूण कटाक्षाने टाळला. पण हे चीज दोन वर्षे खात आले," ती कशीबशी म्हणाली.

स्वयंपाकघर क्षणभर स्तब्ध झाले. आजीने तिचा हात हातात घेतला. "अजाणता घडले. आता कळले, आता पाळायचे. मिच्छामि दुक्कडम् म्हण आणि ओव्हन लाव. सूर्य कोणासाठी थांबत नाही."

आजोबा स्वतः पेठेत गेले आणि हिरवा ठिपका व प्राणिज रेनेट नसल्याचा उल्लेख, दोन्ही पाहून चीज घेऊन आले. काचेच्या भांड्यात केळी, भाज्या, टोमॅटोचा रस आणि सॉस यांचे थर लागले. वर किसलेले चीज पसरले. १८० अंशांवर २५ मिनिटांत त्यावर सोनेरी पापुद्रा धरला.

साडेपाचला सारे घर पंगतीला बसले. आजीने पहिला घास घेतला, "मीठ किंचित कमी आहे," म्हणाली आणि ताटली पुन्हा पुढे केली.

जयणा हा शब्द त्या घरात रोजचाच. पाणी गाळताना, धान्य निवडताना, दिवा लावताना तो उच्चारला जाई. त्या संध्याकाळी तो परक्या देशाच्या वेष्टनापर्यंत पोहोचला. रात्री नातीने वहीत पाककृती उतरवली. साहित्याच्या यादीत चीजपुढे प्रमाण लिहिण्याआधी तिने दोन शब्द घातले : 'वेष्टन वाचून'.