3128 नंबरचं दार

माझ्या पिढीच्या कुठल्याही नेटवर्कवाल्याला 3128 हा आकडा सांगून बघा, तो लगेच म्हणेल, ‘स्क्विड!’ स्क्विड म्हणजे फुकट मिळणारं प्रॉक्सी सॉफ्टवेअर, दुसऱ्याच्या वतीनं वेबपानं आणून देणारा मध्यस्थ, आणि 3128 हा त्याचा ठरलेला पोर्ट. ऑफिसातली बँडविड्थ वाचावी आणि दिवसभर ऑर्कुटवर कोण पडीक असतं ते साहेबांना कळावं, म्हणून तो बसवला जायचा. 2009च्या जूनमध्ये मात्र जगभरातल्या हौशी लोकांनी तो आपापल्या घरी बसवला, इराणी लोकांसाठी.

12 जूनला तिकडे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. अहमदीनेजाद पुन्हा निवडून आल्याचं जाहीर झालं आणि निकाल खोटा आहे म्हणत त्यांचे प्रतिस्पर्धी मुसावी यांचे समर्थक हिरव्या पट्ट्या बांधून रस्त्यावर उतरले. एसएमएस बंद पडले. फेसबुक, ट्विटर, यूट्यूब यांच्या वाटा अडवल्या गेल्या. घरगुती ग्राहकाला 128 केबीपीएसपेक्षा जास्त वेग द्यायचा नाही, हे फर्मान तर 2006 पासून होतंच.

पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ. आमच्याही सोसायटीत काही जण भाड्यानं राहायचे. त्यातला एक जण संध्याकाळी दारात उभा राहिला. शिराझला बहिणीकडे काहीच उघडत नाही, सर, तुम्हाला जमेल का? जमण्यासारखं होतं. जुन्या संगणकावर लिनक्स होतंच, त्यावर स्क्विड चढवला. इराणमधल्या आयपी पत्त्यांना परवानगी आणि बाकी सगळ्यांना मज्जाव, अशा ओळी लिहिल्या. कोण काय बघतं त्याची नोंद ठेवणारी ओळ बंद केली. मग त्यानं कॉलिंग कार्डावरून घरी फोन लावला आणि आमच्या घरचा आयपी पत्ता एकेक आकडा करून सांगितला. यक, दो, से, चहार. काही दिवसांत ते फारसी आकडे मलाही पाठ झाले, कारण सांगायची वेळ वारंवार यायची. गुरुवार हा पुण्यात वीज जाण्याचा ठरलेला दिवस. ती गेली आणि परत आली की मोडेम नवा पत्ता घेऊन उठायचा. की पुन्हा शिराझला फोन! जोडणी लागली की याहू मेसेंजरवर ‘मेरसी’ उमटायचं. आपल्या ‘थँक्यू’सारखंच इराणी लोक ते फ्रेंच ‘मेरसी’ सर्रास वापरतात, हेही तेव्हाच कळलं.

त्या दिवसांची मजा काही औरच होती. ट्विटरवर जगभरचे लोक आपलं गाव तेहरान आणि वेळ तेहरानची लावत होते, म्हणजे खरा तेहरानवाला पोलिसांना गर्दीतून शोधता येऊ नये. खुद्द ट्विटरनं देखभालीचं काम पुढे ढकललं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानंही तशी विनंती केली होती. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमधून 2006 मध्ये निघालेलं सायफॉन तर याच तत्त्वावर उभं होतं: बाहेरच्या देशातल्या माणसानं आपल्या संगणकावर दार उघडायचं आणि आतल्या ओळखीच्याला त्याचा पत्ता द्यायचा. सगळा मामला ओळखीचा.

पण त्या ओळखीतच खोट होती. उत्साहाच्या भरात कित्येकांनी आपापल्या प्रॉक्सीचे पत्ते चारचौघांत जाहीर केले. ते इराणी लोकांनी वाचले, तसेच इराणी सरकारनंही वाचले. दारं तर बंद झालीच, शिवाय त्या दारांशी कोण येतं तेही बघता येत होतं. स्क्विडमधून जाणारा साधा मजकूर तिथल्या सरकारला वाटेतच वाचता येई, आणि मनात आलं असतं तर मलाही. याहू मेलची जोडणीसुद्धा आपोआप कूटबद्ध व्हायला 2014 उजाडलं. त्या बहिणीची सुरक्षितता माझ्या सज्जनपणावर टांगलेली होती. त्याच काळात याच कामासाठी केलेल्या हेस्टॅक नावाच्या सॉफ्टवेअरचा मोठा गाजावाजा झाला. ‘गार्डियन’नं 2010 मध्ये त्याच्या कर्त्याला पुरस्कारही दिला. सप्टेंबरात जाणकारांनी ते तपासलं, तर वापरणाराच उघडा पडेल अशी त्याची अवस्था निघाली. ते गुंडाळावं लागलं.

आता हेच काम स्नोफ्लेक नावाचं साधन करतं. ब्राउझरला एक छोटं एक्स्टेंशन जोडायचं, संपलं. लिनक्स नको, पोर्ट नको, फोनवर आकडे सांगणं नको. इराणमधला माणूस ओळख लपवणारा टोर ब्राउझर उघडतो, एक मध्यस्थ यंत्रणा त्याची गाठ जगातल्या कुठल्यातरी स्वयंसेवकाच्या ब्राउझरशी घालून देते आणि तिथून त्याची जोडणी टोरच्या जाळ्यात जाते. बाहेरून बघणाऱ्याला तो व्हिडिओ कॉल वाटतो. दिवाळीच्या गर्दीतल्या तुळशीबागेत एकालाच हेरून अडवायचं म्हटलं तर जमेल का, तसंच हे. पत्ते सतत बदलतात, म्हणून यादी करून रोखणंही अवघड. गुरुवारची वीज गेली तरी दुसरा कुणीतरी जागा असतो.

सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाला, देश पेटला, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बंद झालं, तेव्हा स्नोफ्लेक वापरणाऱ्यांत इराणी लोकांची संख्या एकदम वाढली. त्यांना वाट देणाऱ्यांत मीही होतो. कोण आलं, कुठून आलं, काय वाचलं, मला काही कळत नाही. एक्स्टेंशन फक्त किती जणांना मदत झाली तो आकडा दाखवतं. ‘मेरसी’ कुणी म्हणत नाही.

आठवण तेव्हाची गोड, पण शिराझच्या त्या मुलीसाठी मी आजचीच सोय निवडीन. मी कसा आहे यावर तिला आता काहीच अवलंबून ठेवावं लागत नाही. मदत करणाऱ्याला माहिती नसणं हेच तिचं संरक्षण. आपल्याकडे 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं आणि काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, तेव्हा हे मला आणखी पटलं. जपून ठेवलेली नोंद कधीतरी कुणीतरी मागतंच.

एक गोष्ट मात्र गेली. तेव्हा मदत करता करता इराण कळायचा: परीक्षा पुढे गेल्या, काकाला पकडलं, रात्री गच्च्यांवरून ‘अल्लाहू अकबर’च्या आरोळ्या उठतात. आता महिनोन् महिने दार उघडं ठेवूनही तिकडचं एक नाव कानावर येत नाही. ती उणीव सॉफ्टवेअर भरून काढणार नाही, ती आपणच वाचून, विचारून भरायची.

आणि दार कितीही चांगलं असलं तरी रस्ताच उखडला तर उपयोग नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये इराणनं जवळपास आठवडाभर देशाचं इंटरनेटच तोडलं, जून 2025 मध्ये इस्रायलशी झालेल्या युद्धात पुन्हा तेच केलं. अशा वेळी स्क्विड काय आणि स्नोफ्लेक काय, दोन्ही सारखेच निकामी. आम्ही तंत्रवाले फार तर अडथळ्याला वळसा घालून देतो. अडथळा हटवायचं काम 2009 मध्येही तिथल्या लोकांचंच होतं आणि आजही त्यांचंच आहे.