आज तिथी कोणती?

समुद्राशी आम्हां हिंगणघाटकरांचा संबंध एका आकड्यापुरताच. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तेवढाच. काळी जमीन, कापूस आणि वणा नदी हा आमचा मुलूख. त्या पाटीवरचा 'सपाटी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. वर्षानुवर्षे पाण्याची चढउतार मोजून काढलेली ती एक सरासरी. खरा समुद्र त्या रेषेवर स्वस्थ बसलेला कधी नसतोच. दिवसातून दोनदा तो तिच्या वर चढतो आणि दोनदा खाली उतरतो.

पुस्तकातले हे ज्ञान पायांत उतरले ते गेल्या दिवाळीच्या सुटीत, गुहागरला. आणि तेही मुलीमुळे.

मुलगी पंधरा वर्षांची. तीन हजार मीटर धावते. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या. चार दिवस पाय थांबले तर दम तुटतो, असे तिचे म्हणणे. त्यामुळे जिथे जाऊ तिथे पहाटे धावायला वाट हवी. ह्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच रजा घेतलेली. मी तिच्याबरोबर निघते खरी, पण पाच मिनिटांत ती पुढे आणि मी मागे. म्हणजे मला वाट शोधायची होती ती माझ्यासाठी नव्हे; माझ्या नजरेआड गेलेल्या मुलीसाठी.

गावी हा प्रश्न येत नाही. पहाटे चहाची टपरी उघडणारा, पेपर टाकणारा, दुधाचे कॅन नेणारा, यांतले निम्मे कधी ना कधी माझ्या वर्गात बसलेले असतात. 'बाईंची पोरगी' एवढी ओळख तिला पुरते. परक्या गावात ही छत्री कुठून आणायची?

वर्ध्याहून रात्रभर मुंबई, तिथून कोकण रेल्वेने चिपळूण आणि पुढे एस.टी.ने गुहागर. घाटमाथ्यापलीकडचे हे कोकण आम्हां सपाट मुलखातल्या माणसांना सुरकुतलेले वाटते. डोंगराची एकेक सोंड थेट पाण्यात उतरते. दोन सोंडांच्या मध्ये कुठे खाडी, कुठे वाळूची पुळण. काळ्या खडकाचे कडे आणि वर जांभ्या दगडाचे उघडे माळ. डोळ्यांना हे सारे इतके सुंदर, की धावणाऱ्याच्या पायांनी काय करायचे याचा विसरच पडावा.

पहिली ओढ साहजिकच वरच्या माळाची. कोकणात त्याला सडा म्हणतात. पावसाळा संपता संपता त्यावर गवत पिवळे पडू लागलेले असते आणि कडेला गेले की खाली निळा समुद्र. पण जांभा हा दगड खरखरीत आणि भोकाभोकांचा. ठेच लागली तर गुडघा सोलूनच निघायचा. शिवाय हा फुरशांचा मुलूख. वीतभर लांबीचा, दगडांच्या सांदीत बसणारा हा विषारी साप मातीच्याच रंगाचा असतो. पहाटेच्या अंधुक उजेडात गवतातून धावणाऱ्या पायाला तो दिसायचा नाही. चांगले उजाडल्यावर, बूट घालून, चालत जावे अशी ती जागा. आम्ही तशीच पाहिली.

मग खडकाळ किनारा. गुहागरच्या दक्षिणेला हेदवीला बामणघळ आहे. काळ्या खडकाला पडलेली एक अरुंद चीर. ओहोटीला ती निमूट असते. भरतीच्या वेळी लाट तीत शिरते आणि कोंडलेले पाणी धडाक्याने उंच उसळते. ते पाहिल्यावर मुलीला काही सांगावे लागले नाही. खडकांवरचे शेवाळ निसरडे, त्यांना चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या. आणि ज्या वाटेने सोंडेला वळसा घालून जावे, ती तासाभराने पाण्याखाली गेलेली असू शकते. जाताना वाट आहे, तेवढ्यावर भागत नाही. परतताना ती असेल का, हे आधी पाहावे लागते.

मोबाइलमधल्या नकाशावर हे काही दिसत नाही. नकाशाला मात्र मी नावे ठेवणार नाही. हिंगणघाटच्या माणसाने तर मुळीच ठेवू नयेत. १८०२ साली मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन त्याच कामात असताना, जानेवारी १८२३मध्ये, आमच्याच गावी वारला. त्याची कबर आमच्याकडे आहे. त्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी मापे घेतली म्हणून अंतरे नेमकी कळतात. पण अंतर सांगणे हे नकाशाचे काम. वेळ सांगणे हे नव्हे. वेळ माणसांना विचारावी लागते.

राहता राहिली गुहागरची पुळण. पाच-सहा किलोमीटर सरळ, मागे सुरूची झाडे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. ओली, घट्ट वाळू पायाला जमिनीसारखी लागते. किनाऱ्यावर जाळे सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना मी विचारले, "पहाटे सहाला मुलगी इथे धावली तर चालेल का हो?"

त्यांनी वर न पाहताच विचारले, "तिथी कोणती आज?"

"भाऊबीज होऊन गेली, तृतीया असेल."

"मग उद्या-परवा धावू दे. पाणी उतरतं असेल. सप्तमी-अष्टमीला नको. आणि ताई, पोरीला सांगा, टोकाच्या खडपाकडे जायचं नाही. अलीकडून वळायचं."

त्यांनी हिशेबही सांगितला. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो भरतीचा सुमार. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; दुपारचे तसेच रात्रीचे. सहा तासांनी ओहोटी. गावागावाप्रमाणे तास-अर्धा तास मागेपुढे होते, पण अंदाजाला पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, त्याचे हे सोपे गणित. आमच्या वडिलांच्या पिढीने शाळेत पाऊणकी घोकली. ती समुद्रावर अशी जिवंत भेटेल असे वाटले नव्हते.

पहिले दिवस सुखाचे गेले. पुळण सरळ असल्यामुळे मुलगी लहान होत होत ठिपका व्हायची, पण दिसायची. सप्तमी आली आणि पाणी सुरूंकडे सरकले. उरली ती भुसभुशीत उतरती वाळू, घोटे मुरगळणारी. आता वाट एकच, वाड्यांमधून जाणारा गावचा अरुंद रस्ता. तो सावलीचा आहे, सुंदर आहे. पण पहिल्याच वळणावर मुलगी दिसेनाशी होते.

याच किनाऱ्यावरच्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे लहान वयात सोबत्यांबरोबर परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले होते, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल. आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारे ते हेच कर्वे. मुलगे तेव्हाही घाट ओलांडून जात. मुलीला मात्र एका वळणापलीकडे पाठवताना आजही आईच्या पोटात कालवते. हे खरे आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंपाशी मी हे बोलले. त्या म्हणाल्या, "अहो, त्या वेळेला या रस्त्यावर कोण नसतं ते विचारा. देवळातले गुरव उठलेले असतात, पहिल्या गाडीची माणसं असतात, दारोदारी बायका झाडायला निघतात. पाठवा खुशाल."

पाठवले. पंचवीस मिनिटे मी फाटकाशी उभी होते. मुलगी घामाघूम होऊन परतली ती हसतच. अंगणात सडा घालणाऱ्या एका बाईंनी तिला हटकले होते, "विदर्भातल्या बाईंची मुलगी ना गो तू? सावकाश, पुढे शेवाळ आहे." काकूंनी आदल्या संध्याकाळीच चार घरी निरोप पोचवला होता. गावी मागे ठेवून आलेली छत्री इथे एका रात्रीत कुणीतरी उघडून धरली होती.

तेव्हापासून माझे मत झाले आहे, की सुरक्षित वाट म्हणजे निर्मनुष्य वाट नव्हे. जिथे त्या वेळी कुणी आपापले काम करत असते, आणि आपण कोण हे त्याला आधी ठाऊक असते, ती वाट सुरक्षित. ती शोधायची म्हणजे आदल्या संध्याकाळी चार दारांशी जाऊन बोलायचे.

स्पर्धेत काय झाले, असे तुम्ही विचारालच. चौथी आली. त्याचे तिला फारसे वाटले नाही. उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाला परगावी गेलो, तेव्हा सामान खाली ठेवण्याआधीच तिने यजमानीणबाईंना विचारले, "मावशी, तुमच्याकडे पहाटे सगळ्यांत आधी कोण उठतं?"