तिघांची रात्रपाळी

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली काळी व्याली. काळी कुणाच्याच मालकीची नाही, पण साऱ्यांच्या शिळ्या पोळीची हक्कदार! चार पिल्लं झाली. दुसऱ्या रात्री त्यांचं केकाटणं थांबेना.

"आई, ती पितायत, तरी रडतायत गं," लेक म्हणाली. खाली जाऊन पाहिलं, तर पिल्लं आचळांना लुचत होती आणि पोटं मात्र खपाटीला गेलेली. काळीला दूधच नव्हतं.

मी घरातलं गाईचं दूध कोमट केलं. लेकीला पाजायची, तसंच सर्वांत बारकं पिल्लू मांडीवर उताणं धरलं आणि ड्रॉपरने दूध सोडलं. दूध नाकातून बाहेर आलं. वाटलं, ठसका लागला असेल. सकाळी ते पिल्लू हलत नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, पण चूक लपवलीही नाही. म्हणाले, "पिल्लाला उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला पालथंच ठेवायचं, आईला लुचताना असतं तसं. आणि अंग गार असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही."

गाईच्या दुधाचंही त्यांनी समजावलं. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं त्याच्या सुमारे दुप्पट. त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लाची भूक भागत नाही, वर जुलाब होतात. त्यांनी पिल्लांसाठीची दूध पावडर आणि छोटी बाटली दिली. वजनाप्रमाणे किती पाजायचं, ते लिहून दिलं. काळीलाही तपासलं. आचळांना सूज नव्हती; ती नुसती खंगली होती. तिचं खाणं वाढवायला सांगितलं.

दर तीन तासांनी पाजायचं, म्हणजे रात्रीचं काय? घरात पाळ्या लागल्या. अकराची ह्यांची, दोनची माझी. "पाचला मी उठतेच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनीच रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि खोक्याच्या एकाच कडेला ठेवली. जास्त गरम झालं तर पिल्लांना बाजूला सरकता यायला हवं ना!

पाजून झालं, की ओल्या कोमट कापसाने पिल्लांचं बूड हलकेच पुसायचं होतं. नाहीतर इतकी लहान पिल्लं शी-शू करत नाहीत. पण ते काम काळीने आम्हाला करूच दिलं नाही. पिल्लू परत ठेवलं, की ती चाटायला लागे. दूध नव्हतं, बाकी सगळं आईपण शाबूत होतं.

रोज सकाळी लेक पिल्लांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिही. पहिल्या दिवशी सर्वांत लहान पिल्लू २४० ग्रॅम होतं, दहाव्या दिवशी ४३०. तेराव्या दिवशी त्याचे डोळे किलकिले झाले.

एकदा शेजारच्या काकू जिन्यात थबकल्या. "कसली मेली आई ही! स्वतःची पिल्लं पोसता येईनात!"

माझ्या हातातली बाटली थांबली. नऊ वर्षांपूर्वी मलाही दूध पुरलं नव्हतं. बारशाला आलेल्या बायकांनी ओट्यावरचा पावडरचा डबा पाहून असंच काहीबाही म्हटलं होतं. सासूबाई तेव्हा गप्प राहिल्या होत्या.

आज त्या म्हणाल्या, "दूध आटलं म्हणून माया आटत नाही हो."

काकू वर गेल्या. सासूबाई पिशवीचं लुगडं नीट करत, माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "हे तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

मला काही उत्तर सुचलं नाही. मी पुढचं पिल्लू त्यांच्या हातात दिलं.

चौथ्या आठवड्यात पिल्लं ताटलीतून पातळ खाणं चाटायला लागली. पुढे तिघांनाही घरं मिळाली, काळीची नसबंदीही करून घेतली. लेकीच्या वहीत चौथ्या पिल्लाचा रकाना मात्र कोराच आहे. तो तिने खोडला नाही, मीही सांगितलं नाही.