अँबॅसॅडरचे जादा दिवे

रायपूरहून रात्री जगदलपूरकडे निघालेल्या जुन्या अँबॅसॅडरला केशकालच्या घाटात स्वतःचे दिवे अपुरे पडतात. मग मालक पुढे आणखी दोन दिवे बसवून घेतो. कारागीर घाईचा असला, तर त्यांची तार सरळ जुन्या बटणाला जोडतो, आणि धोका तेथेच सुरू होतो. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ९ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात. बारीक तार तापते, दिवे पिवळट दिसतात. क्वचित तारेवरचे आवरण वितळून गाडी पेटते.

जाणता वायरमन मध्ये रिले घालतो. बटणातला अल्प प्रवाह रिलेला केवळ हुकूम देतो. मोठा प्रवाह बॅटरीतून जाड तारेने थेट दिव्यांकडे जातो. फ्यूज मात्र बॅटरीलगतच हवा, कारण बॅटरी व फ्यूज यांमधल्या तारेला कसलेच संरक्षण नसते. अर्थिंगच्या जागचा गंज खरवडण्याचा कंटाळा करणारेच पुढे दिव्यांना दोष देतात!

एवढे करूनही परवानगीचा प्रश्न उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार गाडीच्या समोर स्पॉटलाइट केवळ अपवादात्मक परिस्थितीत, तोही नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीनेच लावता येतो. घाटाच्या वळणावर अशा झोताने समोरच्या ट्रकचालकाचे डोळे दिपतात, आणि दरी त्याच्याही बाजूला असते.