पुत्रशब्दांतील कन्या

शब्दांचीं कुळें धुंडाळीत बसण्याचा आम्हांस जुना छंद आहे. पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्या गृहस्थाप्रमाणें आम्हीही मिळेल तो शब्द उलटासुलटा करून पाहतों, आणि त्यावरील शिक्का कोणत्या गांवचा हें वाचूं लागतों. छंद निरुपद्रवी आहे अशी आमची समजूत होती. परंतु गेल्या पावसाळ्यांत याच छंदापायीं एका विद्यार्थिनीपुढें आमची मान खालीं जाण्याचा प्रसंग आला, ती हकीकत वार्षिकाच्या वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

त्या दिवशीं दहावीच्या वर्गांत इंग्रजीच्या धड्यांत 'फिलिअल' हा शब्द आला. आम्हीं मोठ्या उत्साहानें खडू उचलून फळ्यावर 'फिलिअस' हा मूळ लॅटिन शब्द लिहिला आणि सांगितलें कीं, फिलिअस म्हणजे पुत्र. म्हणून 'फिलिअल ड्यूटी' म्हणजे पुत्राचें आईबापांविषयींचें कर्तव्य. येथवर ठीक होतें. परंतु त्याच ओघांत, आठ दिवस गैरहजर राहून त्या सकाळीं वर्गांत परतलेल्या एका मुलीकडे पाहून, 'कर्तव्य म्हणजे काय, हें शाळा बुडविणारांनीं विशेष ध्यानांत धरावें,' असा टोमणाही आम्हीं मारला. तिचा रजेचा अर्ज आमच्या टेबलाच्या खणांत पडला होता. अर्ज आगाऊ न देतां मागाहून दिला, म्हणून आम्हीं त्यावर सही केली नव्हती. खरें सांगावयाचें तर तो आम्हीं पुरता वाचलाही नव्हता.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशीं आली.

"सर, फिलिअस म्हणजे मुलगा. मग मुलीच्या कर्तव्याला कोणता शब्द आहे?"

"अगं, पुत्र म्हटलें कीं कन्या त्यांत आलीच," आम्हीं फळा पुसतां पुसतां म्हणालों.

"आलीच म्हणजे कोठें आली, सर?"

प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हांस उत्तर सुचेना, म्हणून आम्हीं उलट तिलाच, ती इतके दिवस कोठें होती, असें विचारलें. आई अंगणांत घसरून पडली, खुब्याचें हाड मोडलें, घरांत दुसरें कोणी नाहीं, असें तिनें थोडक्यांत सांगितलें. "पहिले चार दिवस तिला मान सुद्धां उचलतां येत नव्हती. दूध आणि पेज चमच्यानें पाजत होतें. आतां मावशी आली, म्हणून मी आलें." इतकें बोलून ती पुढच्या तासाला निघून गेली. आम्ही मात्र हातांत फळा पुसण्याचें फडकें घेऊन तसेच उभे राहिलों.

त्या रात्रीं आम्हीं कोश काढून बसलों. प्रथमच जें दिसलें त्यानेंच आम्हांस ओशाळें केलें. 'फिलिअल' हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील 'फिलिआलिस' या विशेषणापासून आला आहे, आणि त्याचा अर्थ 'पुत्राचा अथवा कन्येचा' असा आहे. 'फिलिअस' म्हणजे पुत्र आणि 'फिलिआ' म्हणजे कन्या, हीं दोन्ही नांवें कोशांत शेजारीं शेजारीं छापलेलीं होतीं. इतकीं वर्षें आम्ही पहिल्या नांवापाशींच थांबत आलों होतों. कन्या कोशांत होती. आमच्या फळ्यावर नव्हती.

मग मात्र आम्हांस राहवेना. या कुळांतील बाकीचे शब्द तपासूं लागलों, तों जेथें तेथें पुत्राचीच पाटी. स्पेनमधील कुलीन गृहस्थास 'हिदाल्गो' म्हणतात. तो शब्द इंग्रजींतही गेला आहे. त्याची फोड 'कांहीं तरी असलेल्याचा पुत्र' अशी. स्पॅनिश भाषेंत मूळच्या 'फ'चा 'ह' झाल्यामुळें फिलिअस तेथें वेषांतर करून वावरतो. पोर्तुगीजांनीं 'फ' टिकविला, म्हणून गोव्याच्या इतिहासांत 'फिदाल्गो' भेटतात. वाऱ्याच्या चक्क्यांवर भाला घेऊन धांवणारा डॉन किहोते हा देखील असाच एक हिदाल्गो. पदरीं पुरतें धन नसतांही तो कोणाचा तरी पुत्र होता, आणि तेवढ्यावर त्याचा मोठेपणा निभावत होता!

इंग्रजांच्या आडनांवांतील 'फिट्झ' हाही फिलिअसचाच नातू. नॉर्मन लोकांच्या फ्रेंच बोलींतून तो इंग्लंडांत उतरला. फिट्झजेराल्ड म्हणजे जेराल्डचा पुत्र. पुढें राजांच्या अनौरस संततीसही हें उपपद लावण्याची चाल पडली. आठव्या हेन्रीचा १५१९ सालीं जन्मलेला असा एक मुलगा हेन्री फिट्झरॉय, म्हणजे राजपुत्र, या नांवानें प्रसिद्ध आहे. येथें आमच्या मुंबईचाही धागा लागतो. १८४८ पासून १८५३ पर्यंत लॉर्ड फॉकलंड हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या पत्नी अमेलिया यांनीं इकडील वास्तव्याचीं टिपणें पुढें १८५७ सालीं 'चाऊ-चाऊ' या नांवानें प्रसिद्ध केलीं. या बाईंचें माहेरचें आडनांव फिट्झक्लॅरेन्स. चौथा विल्यम राजा होण्यापूर्वीं क्लॅरेन्सचा ड्यूक असतांना, डोरोथिआ जॉर्डन या नटीपासून त्यास जीं मुलें झालीं, त्यांपैकीं ही एक. म्हणजे राजाची लेक, आणि जन्मभर नांवांत वागविला तो 'क्लॅरेन्सचा पुत्र'! जिनें जन्म दिला त्या नटीचा त्या नांवांत मागमूस नाहीं.

'ॲफिलिएशन' या शब्दाची गंमत याहून निराळी. मूळ अर्थ पुत्र म्हणून जवळ घेणें, दत्तक घेणें. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशीं कॉलेजें 'ॲफिलिएटेड' असतात. आपण त्यास 'संलग्न' असा कोरडा प्रतिशब्द दिला आणि आंतील मायेचें नातें गाळून टाकलें. परंतु इंग्लंडच्या कायद्यांत हाच शब्द दुसऱ्याच कामास जुंपला होता. अविवाहित आईच्या मुलाचा बाप कोण, हें ठरवून त्याजकडून पोटगी देवविणाऱ्या कोर्टाच्या हुकुमास 'ॲफिलिएशन ऑर्डर' म्हणत. १९८७ च्या कायद्यानें ती पद्धत रद्द झाली. एकच शब्द कोणास मांडीवर घेतो, आणि कोणासाठीं बापाच्या दारावर बेलिफ धाडतो.

रोमन लोकांस तर बापाचें नांव सांगितल्यावांचून चैन पडत नसे. रोममधील पँथिअनच्या कपाळपट्टीवर अजूनही अग्रिप्पाच्या नांवापुढें दोन अक्षरें दिसतात. त्यांचा अर्थ 'लूशिअसचा पुत्र'. मुलींची व्यवस्था याहूनही सोपी होती. त्यांस बापाच्या कुळनांवाचें स्त्रीलिंगी रूप चिकटविलें कीं झालें. मार्कस टुलिअस सिसरोची लाडकी लेक म्हणून टुलिआ. हें वाचून आम्हांस हसूं येणार, तोंच आपल्याकडील जुने मराठी कागद आठवले. त्यांत पुरुषाच्या नांवापुढें 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा; आणि बाईच्या नांवापुढें 'कोम', म्हणजे अमक्याची बायको. हसूं जागच्या जागीं राहिलें. पाणिनीचेंही एक सूत्र आठवलें: पुत्र आणि दुहिता हे दोन शब्द एकत्र आले असतां त्यांतील पुत्र तेवढा शेष राहतो, आणि 'पुत्रौ' म्हटल्यानें मुलगा व मुलगी दोघांचाही बोध होतो. आम्हीं त्या मुलीस जें उत्तर दिलें होतें, त्याचें मूळ आधारवचन हेंच. पण 'आलीच म्हणजे कोठें आली' या प्रश्नापुढें हें सूत्रही आमच्या फारसें उपयोगीं पडेना.

लॅटिन व्याकरणांत मात्र एका कोपऱ्यांत ती सांपडली. नियमाप्रमाणें 'पुत्रांना' आणि 'कन्यांना' यांचें रूप एकच होतें, 'फिलिइस'. त्यामुळें घोटाळा होतो. म्हणून रोमन लोकांनीं नियम मोडून कन्यांसाठीं 'फिलिआबुस' असें वेगळें रूप राखलें होतें. विद्यार्थिदशेंत हें रूप आम्हीं अपवाद म्हणून घोकलें, आणि परीक्षा झाल्यावर विसरलों. आतां ध्यानांत आलें कीं चतुर्थी ही देण्याची विभक्ति. मृत्युपत्रांत कोणास काय द्यावयाचें हें लिहितांना 'ती त्यांत आलीच' एवढ्यानें भागत नाहीं. तेथें तिचें नांव स्पष्ट घालावें लागतें.

आणि शेवटीं या साऱ्या कुळाचें मूळ. फिलिअस ज्या धातूपासून निघाला, त्याचा अर्थ दूध पिणें, स्तनपान करणें. संस्कृतांतील 'धे' हा त्याचाच भाऊ. त्यापासून बाळास पाजणारी धात्री, आणि दूध देणारी धेनु. लॅटिनमधील स्त्रीवाचक 'फेमिना' हीही त्याच धातूची, आणि इंग्रजी 'फेमिनिन' तिच्यापासून निघाला. तेव्हां फिलिअस म्हणजे मुळांत दूध पिणारें लेंकरूं. त्यांत बाप नाहीं, कुळ नाहीं, मालमत्ता नाहीं. आहे ती एक पाजणारी आई आणि एक पिणारें मूल. पुढें कायदेपंडितांनीं, सरदारांनीं आणि शिलालेख कोरणारांनीं या शब्दास बापाच्या घरीं नेऊन बसविलें. हें वाचतांना आम्हांस तो चमचा आठवला, आणि कोश कांहीं वेळ मिटून ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं फळ्यावर फिलिअसच्या शेजारीं 'फिलिआ' लिहिलें, आणि आदल्या दिवशीं अर्थ अर्धाच सांगितला अशी वर्गापुढें कबुली दिली. टोमण्याबद्दलही दोन शब्द बोललों. ते नीट जमले नाहींत. एका हुशार मुलानें 'मग घोड्याच्या शिंगरीला फिली म्हणतात, तीही यांतलीच काय?' असें विचारून आम्हांस सोडविलें. ती यांतली नव्हे. ती नॉर्स भाषेंतून आलेली, शिंगराची सख्खी बहीण. वर्ग हंसला. ती मुलगीही हंसली.

मधल्या सुटींत आम्हीं खणांतून तिचा अर्ज काढून पुरता वाचला. कारणाच्या जागीं 'आईची सेवा' इतकेच शब्द होते. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें, मग बापाचें नांव लिहिण्याचा नियम केला आहे. ही मुलगी त्याच्या किती तरी आधींची, तिला तो लागू नाहीं. तरीही अर्जाखालीं तिनें स्वतःच्या नांवापुढें आईचें नांव लिहिलें होतें. आम्हीं त्याखालीं सही केली आणि तारीख मागची न घालतां त्या दिवसाचीच घातली.