इंजिन पाहिजे

आमच्या सिल्लोडला रेल्वे नाही. त्यामुळे 'इंजिन' म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढं विहिरीवरचं, धूर ओकणारं डिझेल इंजिनच उभं राहतं. म्हणून सुट्टीला आलेली भाची जेवता जेवता म्हणाली, "मामा, इंजिन निवडायचंय," तेव्हा मी हातातला घास तसाच धरून विचारलं, "किती हॉर्सपॉवरचं?"

तिला गेम करायचा होता. गेम म्हणजे धावाधाव नव्हे, तर चित्र-कादंबरी. पडद्यावर चित्र, खाली संवाद, आणि मध्येच प्रश्न: नायकानं मिरचीचं रान विकावं की राखावं? वाचणारा बोट ठेवील तशी गोष्ट वळते. कोण कुठं वळलं हे लक्षात ठेवणारं, चित्रं बदलणारं, अर्धवट सोडलेली गोष्ट तिथूनच पुन्हा उघडणारं जे यंत्र आत असतं, ते इंजिन.

"चित्रांतून गोष्ट सांगायला इंजिन कशाला?" मी म्हणालो. "आपल्याच रस्त्यानं पुढं अजिंठ्याला जा. सतराव्या लेण्यात अख्ख्या जातककथा भिंतीवर आहेत."

"त्यांना परीक्षा नव्हती, मामा."

मग आम्ही स्थळं पाहायला बसलो. पहिलं युनिटी. घराणं मोठं. पण 2023 मध्ये त्यांनी ठरावीक मर्यादेपुढं दर इन्स्टॉलमागं पैसे घ्यायचं जाहीर केलं, जगभर ओरड झाली आणि 2024 मध्ये ते मागं घेतलं. हुंड्याची बोलणी मागं घेतली तरी मुलीकडच्यांची धास्ती जात नाही. दुसरं गोदो. फुकट, सगळा कारभार उघडा. नाव बेकेटच्या नाटकावरून. त्यातला गोदो शेवटपर्यंत येतच नाही. फाट्यावर जीपची वाट पाहिलेल्या मला तो फार जवळचा वाटला. पण त्याला हर तऱ्हेचे गेम येतात. आम्हाला हवी होती नुसती गोष्ट.

तिसरं रेनपाय. टॉम रॉथामेल या गृहस्थांनी 2004 मध्ये आणलेलं, तेही फुकट. नाव जपानी 'रेनआय' म्हणजे प्रेम, आणि 'पायथन' ही संगणकाची भाषा, यांवरून. पायथन म्हणजे अजगरही. प्रेम आणि अजगर एकाच नावात! संसाराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडं पाहिलं नाही. यात नाटकासारखं लिहायचं: आधी पात्र, मग अवतरणात वाक्य. वाचकाला पर्याय द्यायचे तर 'मेन्यू' लिहायचं. हॉटेलात बसणाऱ्याला एवढं कळतं.

तरी भाचीनं आधी कुणीतरी दिलेल्या चौथ्याच एका इंजिनात नमुना केला. (नाव सांगत नाही, नाकारलेल्या स्थळाची बदनामी करू नये.) तो घेऊन आईकडं गेलो. गोष्ट तिच्याचसाठी होती आणि तिला मराठीशिवाय काही वाचता येत नाही. तिनं चष्मा पुसला.

"सलिलोड? हे कुठं आलं? जालन्याच्या पुढं का?"

झालं असं की 'सि'ची वेलांटी लिहिताना स नंतर टाकायची, पण दिसायला हवी स च्या आधी. ही उडी त्या इंजिनाला येत नव्हती. वेलांटी ल ला चिकटली, जोडाक्षर मोडलं, आणि आईचं गाव नकाशातून गेलं.

त्या दिवशी आमची कसोटी ठरली. दिखावा नको, कीर्ती नको. ज्याला 'सिल्लोड' लिहिता येईल ते इंजिन. रेनपायच्या नव्या आवृत्त्यांत अक्षरं जुळवणारी 'हार्फबझ' नावाची सोय आहे. देवनागरीचा फॉन्ट मात्र आपला घालावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आम्ही 'मुक्ता' घातला. सिल्लोड परत आलं.

आई सावकाश वाचत गेली. प्रश्नापाशी थांबली: रान विकावं की राखावं? आमचं रान आम्ही विकलं त्याला कितीतरी वर्षं झाली. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. तिनं 'राखावं'वर बोट ठेवलं आणि पुढची चित्रं बघत बसली. मिरची लाल झाली होती.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "इंजिन बरं आहे गं तुझं. डिझेल किती खातं?"